देवकर साहेबांच्या मरणाची ट्रायल

ज्या माणसाच्या मृत्युपत्रावर आपण रविवारी साक्षीदार म्हणून सही केली, तोच माणूस सोमवारी सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीत बॅटरी मारून बघताना दिसला, की सुरुवातीला जरा चमत्कारिक वाटायचं. पुढे सवय झाली. देवकर साहेबांचं मृत्युपत्र वर्षातून दोन-तीनदा तरी नवं निघायचं आणि साक्षीदार मी ठरलेला. कारण मी त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो, माझं चष्म्याचं दुकान आहे म्हणजे मला नीट दिसत असणार असा त्यांचा समज, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या इस्टेटीतला छदामही मला मिळणार नव्हता. "साक्षीदाराला काही मिळता कामा नये, घाडगे," असं ते बजावायचे. "चहासुद्धा नाही?" मी विचारायचो. त्यावर ते विचारात पडायचे. वकीलबाईंना विचारून सांगतो म्हणायचे, आणि खरोखरच विचारायचे.

आमची सोसायटी चिखलीत आहे. पुढच्या अंगाला नवे टॉवर आणि मागे पत्र्याच्या शेडमधली वर्कशॉपं, तिथे दिवसभर लेथ मशीन चालू असतात. देवकर साहेबांनी उभी नोकरी अशाच वर्कशॉपांना घाम फोडण्यात घालवली होती. ते चाकणच्या एका मोठ्या कंपनीत होते. कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान लहान कारखान्यांत जायचं, सगळं तपासायचं आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. त्या चुकांना त्यांच्या भाषेत 'एनसी' म्हणत. नियमात न बसलेली कुठलीही गोष्ट म्हणजे एनसी. देवकरांची स्कूटर दारात दिसली की शेडवाले आधी देवाला उदबत्ती लावायचे आणि मग चहा सांगायचे, असं मला एका जुन्या शेडवाल्यानेच सांगितलं.

माणूस बुटका. शर्ट कडक इस्त्रीचा. खिशात दोन पेनं, एक बोटाएवढा स्क्रू ड्रायव्हर आणि एक छोटी बॅटरी. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं, पण सवय कशी काढून घेणार? ती सगळी आमच्या सोसायटीवर उलटली. लिफ्ट, जिना, कचऱ्याचे डबे, गणपतीचा मांडव, काहीही त्यांच्या बॅटरीतून सुटलं नाही. सगळ्यात भयंकर होता त्यांचा प्रश्न. कुठल्याही व्यवस्थेकडे बघून ते शांतपणे विचारायचे, "आणि हा आला नाही तर?" लिफ्टच्या मेकॅनिकबद्दल विचारायचे, दूधवाल्याबद्दल विचारायचे. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी ऐन मुहूर्ताच्या आधी गुरुजींना गाठून विचारलं, "गुरुजी, समजा तुम्ही आला नसता तर?" गुरुजी म्हणाले, "पण मी आलोय." "ते दिसतंय. पण पर्यायी गुरुजी कोण?" गुरुजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे मंगलाष्टकं अर्धवट टाकून निघून जातात.

या माणसाची बायको म्हणजे मालनताई. माहेर मावळातलं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. नवऱ्याच्या या सगळ्या प्रकाराकडे ती अवखळ पोराकडे बघावं तसं बघायची. तीन-चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, त्याबद्दल आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. एकट्या देवकरांनी मानले नसावेत, कारण त्या जिभेचा मारा त्यांच्यावरच व्हायचा. ते तिला उचलून खुर्चीत बसवायचे, वेणी घालायचे. वेणी घालून झाली की मागे सरकून, एक डोळा मिटून, ती सरळ आली का ते बघायचे. तिरकी असली तर सोडून पुन्हा घालायचे. "आवो, मला काय पाठवायचंय का कुटं बाहेरगावी?" मालनताई म्हणायची.

त्यांच्या हृदयातही एव्हाना डॉक्टरांनी एक स्प्रिंग बसवून दिली होती. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. नेहमीसारखी बॅटरी हातात होती, पण ती पेटवलेली नव्हती. "घाडगे, माझ्यानंतर मालनचं कोण करणार?" ते म्हणाले. मी आपलं काहीतरी म्हणालो, असं बोलू नका वगैरे. ते म्हणाले, "बोलायचं नाही म्हणून प्रश्न जातो का? तिचं करणारा मी. आणि हा आला नाही तर?" त्यांनी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं होतं. मला त्या क्षणी हसू आलं नाही.

मग त्यांनी हा प्रश्न हातात घेतला, आणि त्यांना येत होती त्या एकाच पद्धतीने घेतला. मालनताईची पुढची सोय म्हणजे एक फार मोठी ऑर्डर आणि ती कोणाला द्यायची ते तपासून ठरवायचं. कागदपत्रांपासून सुरुवात झाली. चिंचवडच्या मुलाणी वकीलबाई म्हणजे सहनशक्तीचा कळस. त्यांच्याकडे हे दर पंधरवड्याला जाऊ लागले. मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं की आपल्यामागे तो आईचं सगळं बघेल, अशी यांची कल्पना. वकीलबाईंनी समजावलं, की मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते मुखत्यारपत्रही संपतं. देवकर खुर्चीतून उठलेच. "म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी बंद पडणारं यंत्र! हे पास कोणी केलं?" वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याने." "त्यांचा पत्ता द्या," देवकर म्हणाले.

बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता पैसे हातात घेणारा, हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस जेवणात लक्ष घातलं नाही. घर मुलाच्या नावावर बक्षीस करायचं तर त्यात आईला सांभाळायची अट स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पुढे कोर्टात भांडायला जड जातं, असं वकीलबाई म्हणाल्या. त्यावर यांनी अटींचा असा काही मसुदा आणला, की त्यात भाताच्या मऊपणाचाही उल्लेख होता. वकीलबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "घाडगे, माझा नंबर वाढलाय की काय बघा हो. मला इथे 'भात' दिसतंय." शेवटी बक्षीसपत्र बारगळलं आणि मृत्युपत्रावर भागलं. नवं झालं की जुन्यावर मारायला त्यांनी काळेवाडीतून 'रद्द' असा रबरी शिक्का करून आणला होता. तो मारताना त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं, ते मी एरवी फक्त नव्या चष्म्यातून पहिल्यांदा पाटी वाचणाऱ्या माणसाच्या तोंडावर पाहिलंय.

कागद झाले, आता प्रत्यक्ष जागा. चाकणच्या पुढे म्हाताऱ्या, आजारी माणसांना ठेवून घेणारं एक केंद्र होतं. मालनताईला तिथे ठेवायची वेळ आलीच तर कसं, म्हणून देवकर एके सकाळी एकटेच तपासायला गेले. तिथल्या बाईंनी बाग दाखवली, भजनाचा हॉल दाखवला. देवकर म्हणाले, "बाग नको, पलंग दाखवा." पलंग दाखवला. हे त्याच्यावर आडवे झाले आणि घंटी दाबून घड्याळात बघत राहिले. आता सत्तरीचा माणूस, रिक्षातून दमून गेलेला, पलंग बरा होता, पंखा चालू होता. त्यांचा डोळा लागला. तेवढ्यात शिफ्ट बदलली. सकाळच्या बाई यांच्याबद्दल कोणालाही काही न सांगता घरी गेल्या. दुपारच्या बाईंनी एक म्हातारा झोपलेला बघितला आणि त्याच्या अंगावर चादर घातली.

दुपारी मला दुकानात फोन आला. "घाडगे, ताबडतोब या. मला सोडत नाहीयेत." मी पोचलो तेव्हा गेटवर दोघांची जुंपली होती. देवकर ओरडत होते, "मी ऑडिटर आहे! मला जाऊ द्या!" आणि वॉचमन अतिशय मायेने त्यांचा हात धरून म्हणत होता, "व्हय व्हय, बाबा. हितं कालच आलेले आजोबा कलेक्टर हायेत. घरचे येस्तोवर जरा सावलीत बसा." आतून दुपारच्या बाई आल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "चिडके आहेत, पण पेज सगळी संपवली." मला एका कागदावर सही करून देवकरांना ताब्यात घ्यावं लागलं. नात्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना, तर मी 'साक्षीदार' लिहिलं. बाईंनी एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे असं बघितलं, की क्षणभर वाटलं मलाही ठेवून घेतात.

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी आधी शर्टाच्या चुरगळलेल्या बाह्या हाताने सरळ केल्या. मग म्हणाले, "सुरक्षा, पैकीच्या पैकी. एकही पेशंट बाहेर जाऊ शकत नाही. शिफ्ट बदलतानाचा निरोप, शून्य." मला हसू आवरेना. तेवढ्यात ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी एवढा ओरडत होतो घाडगे, तरी कोणी ऐकलं नाही. मालन तर ओरडणारसुद्धा नाही." तळवड्याच्या चौकात ट्रॅफिक लागलं तेव्हा त्यांनी सिग्नलमध्ये काय चुकलंय ते सांगायला सुरुवात केली आणि मला बरं वाटलं.

केंद्र नापास झालं. राहिला मुलगा. निखिल हिंजवडीत आयटीत आहे. तो आणि त्याची बायको प्राजक्ता मारुंजीला चौदाव्या मजल्यावर राहतात. पोरगा सज्जन, सून हसरी. देवकरांनी तिथे टेप नेऊन बाथरूमचं दार मोजलं तर मालनताईची चाकाची खुर्ची त्यातून जाईना. तेव्हा असं ठरलं की देवकर गेले तर मालनताईने चिखलीतच आपल्या घरात राहायचं, दिवसा एक बाई ठेवायची आणि निखिल-प्राजक्ताने इकडे राहायला यायचं. झालं, आता कोणीही माणूस इथे थांबला असता.

देवकर म्हणाले, "ट्रायल घेतल्याशिवाय ऑर्डर नाही."

"कसली ट्रायल?" निखिलने विचारलं.

"मी मेल्याची. सोमवार ते गुरुवार मी नाही असं धरून चालायचं. मी घाडग्यांकडे राहीन."

आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, हे आपलं जाता जाता सांगतो. निखिल डोकं धरून बसला. प्राजक्ता पदरात तोंड लपवायला गेली, पण तिने जीन्स घातली होती. मालनताईने मात्र खुर्चीतून शांतपणे विचारलं, "मंग तेरावं बी घालायचं का? आनि गोड काय करू, लाडू का जिलबी?"

"चेष्टा नको मालन."

"चेष्टा कुटं? जितेपनी मरायला निगालाय तुमी, आनि चेष्टा आमी करतो व्हय!"

वकीलबाईंचा सल्ला अर्थातच घेतला गेला. त्या म्हणाल्या, "देवकर, एक लक्षात ठेवा. मयत व्यक्तीला सूचना देता येत नाहीत." देवकरांना ते पटलं. त्यांनी स्वतःच नियम केला, की चार दिवस फोन करायचा नाही आणि जिना चढायचा नाही.

सोमवारी सकाळी ते एक पिशवी घेऊन आमच्याकडे वारले. मी दुकानात जायचो, त्यामुळे मयताची खरी जबाबदारी माझ्या बायकोवर, सुनंदावर पडली. ते आमच्या हॉलमध्ये खुर्ची बरोबर आपल्या घराच्या मधल्या खोलीखाली सरकवून बसले आणि छताकडे बघू लागले. "ही खुर्ची सरकली. डावं चाक वाजतंय. तेल घालायला सांगितलं होतं. हा कुकर. हा कुकर आत्ता का?" सुनंदाने त्यांना वर्तमानपत्र दिलं. त्यांनी ते छताकडे बघतच उलटं धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून भज्यांचा वास आला. देवकर ताडकन उठले. "तिला तळलेलं बंद आहे! बीपी आहे तिला!" ते दाराकडे निघाले. सुनंदा दारात आडवी उभी राहिली. "भावजी, तुम्ही गेलात. आता गप खाली बसा." ते परत येऊन बसले. आणि तेवढ्यात वर मालनताई हसली. आजारपणानंतर ती चेष्टा करायची, टोमणे मारायची, पण अशी खदाखदा हसल्याचं आमच्या तरी ऐकण्यात नव्हतं. प्राजक्ताही हसत होती. बराच वेळ ते हसणं छतातून खाली येत राहिलं. सुनंदा सांगते, देवकरांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आनंदही होता आणि कोणीतरी आपल्या पानातलं उचलून न्यावं तसंही काहीतरी होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चाललंय म्हणजे. माझ्याशिवाय चालतंय." मग म्हणाले, "पास."

वरची ट्रायल अशी पास होत होती. खालची मात्र कोणी तपासत नव्हतं, आणि ती धडाधड नापास होत चालली होती. हे आम्हालाच दिसत होतं. देवकरांना स्वतःचा बनियन पिशवीत सापडेना. ताटातली भाकरी अर्धी राहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि भिंत धरून मटकन खाली बसले. तोंडावर घाम. सुनंदाने विचारलं, "गोळी घेतली का?" तर म्हणे, "कुठली?" पिशवीत डब्या होत्या चार, आणि कुठली कधी घ्यायची ते या माणसाला माहीत नव्हतं! ज्याने अख्ख्या सोसायटीच्या अग्निशमन नळकांड्यांच्या तारखा पाठ केल्या होत्या त्याला! सुनंदा धावत वर गेली. मालनताई खुर्चीत बसून मटार सोलून घेत होती, म्हणजे एका हाताने प्राजक्ताला दाखवत होती. सुनंदाने तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "निळ्या डबीतली. दुदासंगं द्या, चासंगं न्हाई. आनि दूद कोमट. गरम दिलं तर ठिवून देत्यात आनि इसरत्यात."

म्हणजे सगळा दिवस तो तिचं करत होता असं आम्ही समजत होतो, आणि तो स्वतःही तसंच समजत होता. ती मात्र खुर्चीत बसल्या बसल्या जिभेच्या एका टोकावर त्याला चालवत होती. सुनंदाने रात्री मला हे सांगितलं तेव्हा मला माझ्या स्वतःच्या गोळ्या कुठल्या डबीत आहेत ते आठवेना, आणि मी तो विषय वाढवला नाही.

शुक्रवारी देवकर जिवंत होऊन वर गेले. चार पानांचा अहवाल झाला. व्यवस्था पास, भज्यांबद्दल एक एनसी, खुर्चीच्या चाकाबद्दल एक एनसी. मालनताईने सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "आनि घाडगेभाऊ, खाली यांचं कसं काय हुतं?" मी देवकरांकडे बघितलं. ते छताच्या पंख्याचं निरीक्षण करत होते. "बरं होतं," मी म्हणालो. "मला समदं ठावं हाय," ती म्हणाली.

त्यानंतर लगेचच मालनताईच्या मृत्युपत्राची गोष्ट निघाली. घर दोघांच्या नावावर होतं, तेव्हा तिचंही मृत्युपत्र असायला हवं असं वकीलबाई म्हणाल्या. देवकरांना ते बिनमहत्त्वाचं वाटत होतं. वयाने ते मोठे, हृदय त्यांचं बिघडलेलं, तेव्हा क्रम ठरलेलाच होता. पण कागद पूर्ण असलेला बरा म्हणून तयार झाले. प्राजक्ताने गाडी चालवली, मी नेहमीचा साक्षीदार. मजकूर साधा होता. तिचा हिस्सा नवऱ्याला, त्याच्यामागे मुलाला. तिने उजव्या हाताने, एकेक अक्षर जपत सही केली. त्यावर माझी आणि वकीलबाईंच्या कारकुनाची सही झाली. मग देवकर कागद घेऊन झेरॉक्सला गेले. ते दुसऱ्या कोणाला पाठवायचे नाहीत, कारण पानं नीट आली का हे कोण बघणार?

ते जिना उतरल्याचा आवाज ऐकून मालनताई वकीलबाईंकडे वळली. "बाई, अजून येक लिवायचं राह्यलं."

"सांगा ना ताई."

"यांनी जल्मभर समद्यांना इचारलं, हा आला न्हाई तर? तो आला न्हाई तर? मी आदी गेले तर, ह्ये न्हाई इचारलं. मी गेले तर ह्यो मानूस कसा ऱ्हायचा? जेवनाखान्याचं पोरं बगतील, गोळ्यांचं मी प्राजूला सांगितलंय. पर त्याच्यानं न्हाई भागायचं. यांना रोज येक येनशी लागती."

वकीलबाईंना कळेना. मी सांगितलं, "एनसी. चूक."

"त्येच. रोज काय तरी चुकलेलं घावलं पायजे. न्हाई घावलं तर ह्यो मानूस अंथरून धरतो. मी कशी मुद्दाम आमटीत मीठ कमी घालायची, धडधाकट हुते तवा. आता खुर्चीत बसून वेनी हलवती, तिरकी व्हावी म्हनून. तर माज्या माघारी रोज येक चूक यांच्या म्होरं ठिवायची. मोटी नको. त्यांना सापडंल आनि दुरुस्त करता येईल येवडीच. ह्ये लिवा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ताई, असं कलम मृत्युपत्रात टिकायचं नाही. आणि लिहिलं तर ते वाचतील."

"व्हय की. त्ये वाचत्यालच." ती विचारात पडली. मग प्राजक्ताकडे आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग कागूद नको. तुमी दोगं ऐकताय न्हवं? बास."

प्राजक्ताने तिचा हात धरला. जिन्यात देवकरांची पावलं वाजली. ते आत आले आणि म्हणाले, "झेरॉक्सवाल्याचं मशीन तिरकं ओढतंय. मी त्याला दाखवून आलो." मालनताई आमच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बगा."

गेल्या थंडीत मालनताई गेली. दुपारी जेवली, खुर्चीत डोळा लागला तो उघडलाच नाही. देवकरांचं सगळं तयार होतं. बाई ठरलेली, मृत्युपत्र ताजं, पलंग वर-खाली होणारा, आणि त्यातलं काहीच कोणाच्या उपयोगाचं राहिलं नाही. दिवसांचं जेवण झालं त्या दिवशी मांडवाचा एक खांब सरळसरळ कलला होता. देवकर त्याच्या शेजारी उभे राहिले, त्याला टेकले आणि काही बोलले नाहीत. खरं सांगायचं तर मला मालनताईला नेताना रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

निखिल त्यांना मारुंजीला घेऊन गेला. पहिले काही दिवस प्राजक्ताचे फोन यायचे. बाबा जेवतात, गोळ्या घेतात, खिडकीत बसतात. चहात साखर राहिली तरी पितात. तिने घड्याळ मागे ठेवलं, कॅलेंडरचं पान उलटलं नाही, बाटल्यांची झाकणं अदलाबदल केली, पण बाबांचं लक्षच नाही. ती फोनवर म्हणाली, "काका, आईंनी सांगितलेलं मला जमत नाहीये." सुनंदा म्हणाली, "चालू ठेव." मग एका सकाळी तिचा फोन आला, आणि ती हसत होती की रडत होती ते कळेना. देवकरांनी नाश्ता करताना भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "हे घड्याळ मागे आहे. किती दिवसांपासून? आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?" त्या दिवशी त्यांनी घरातली सगळी घड्याळं मिळवली आणि दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

परवा मी त्यांचा नवा चष्मा द्यायला मारुंजीला गेलो. देवकर वाळलेत, पण शर्ट इस्त्रीचा होता आणि खिशात बॅटरी होती. त्यांनी चष्मा हातात घेतला, उजेडाकडे धरला, काड्या उघडून मिटून बघितल्या. स्वयंपाकघराच्या दारात प्राजक्ता चहाचा ट्रे घेऊन थांबली होती. उजव्या काडीपाशी त्यांचं बोट थबकलं.

"घाडगे, हा स्क्रू ढिला आहे."

"असेल हो. घाईत राहिला असेल."

"घाईत? माल बाहेर पाठवण्याआधी शेवटची तपासणी कोण करतं तुमच्याकडे?"

"मीच करतो."

"आणि तुम्ही आला नाहीत तर?"

त्यांनी खिशातून तो बोटाएवढा स्क्रू ड्रायव्हर काढला, चष्मा गुडघ्यावर घेतला आणि स्क्रू घट्ट करू लागले. स्क्रू ड्रायव्हर दोनदा निसटला, तरी मी मदत केली नाही. काम झाल्यावर त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"मागच्या महिन्यात जुना चष्मा दुरुस्त करून आणलात, त्याची नाकाची पट्टी वाकडी होती. आज स्क्रू. तुमच्या दुकानाकडे लक्ष द्यायला पाहिजे. दर महिन्याला माल आणून दाखवत जा."

"आणतो," मी म्हणालो.

"विसरू नका," देवकर म्हणाले, आणि प्राजक्ताने आणलेल्या चहाची कपबशी त्यांनी हातात घेतली. कप एका रंगाचा होता आणि बशी दुसऱ्या. ते त्या बशीकडे बघत होते.